पाड्याची भांडी आणि माझी एन्ट्रॉपी

बहिणीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासायचं ठरवलं. झालं ते एवढ्यावरूनच झालं.

कोणत्याही सुसंस्कृत देशात पुरुषाने भांडी घासली तर त्याचं कौतुक होतं. आमच्या पाड्यावर मात्र अजूनही कुणी मला बेसिनजवळ, म्हणजे मोरीजवळ, उभं राहू देत नाही. त्याचं कारण सांगायचं तर आधी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. (थोडंच सांगतो. ‘हेमंतला स्वतःबद्दल थोडं सांगता येत नाही’ असं माझी बायको हर्षाली म्हणते, ते खोटं पाडायचं आहे.)

पाचवीत मी घर सोडलं. आधी निवासी शाळा, मग गुवाहाटीला इंजिनिअरिंग, मग नेदरलँड्स. तिथे मी एन्ट्रॉपी या विषयावर प्रबंध लिहिला, नोकरीही मिळाली, आणि एके दिवशी ती सोडून मी मोखाडा तालुक्यात पोशेऱ्याच्या बाजूला, आमच्या पाड्यावर परत आलो. नागली आणि वरई वाळवायचं एक यंत्र मी बनवतो आहे. पाड्याचं भलं करायचं हे मी विमानातच ठरवलं होतं. पाड्याला तसं आधी विचारायला हवं होतं, हे नंतर सुचलं.

एन्ट्रॉपी म्हणजे काय, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी हर्षालीला समजावलं होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे तिला समजावणं सोपं जाईल असं वाटलं होतं.

“एखादी गोष्ट किती विस्कटलेली आहे आणि तिच्याबद्दल आपल्याला किती ठाऊक नाही, या दोन्हींचं ते एकच माप आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे पसारा.”

“नुसता पसारा नाही. त्यात फार खोल अर्थ आहे.”

“कॉटखाली तुझे मोजे आहेत, त्यांत किती खोल अर्थ आहे?”

तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द मोज्यांसाठीच वापरला जात असे.

तर, माझ्या बहिणीचं, निशाचं, लग्न झालं. आमच्याकडे लग्नाची भांडी भाड्याने आणत नाहीत. ज्याच्या घरी लग्न, त्याच्या अंगणात अख्ख्या पाड्याची भांडी येतात. कुणाचा टोप, कुणाची परात, कुणाचा हंडा. लग्न झालं की ती आपापल्या घरी परत जातात. दोन लग्नं लागून आली तरी भांडं एका लग्नघरातून थेट दुसऱ्या लग्नघरात जात नाही. आधी ते घरी येतं, घरची बाई त्यात तांब्याभर पाणी ओतून गळतं का ते पाहते, आणि मग स्वतः डोक्यावर घेऊन पुढच्या घरी पोचवते. ज्या घरातून भांडं हरवलं त्या घराला पाडा पुन्हा भांडं देत नाही. भांडत नाही, बोलत नाही, फक्त देत नाही. आमच्या पलीकडच्या एका घराने कधी काळी कुणाचीशी परात हरवली होती. त्यांच्याकडे आजही बारशालासुद्धा मोखाड्याहून भाड्याची भांडी येतात, आणि त्या घराला ‘भाड्याची परात’ हेच नाव पडलं आहे.

माझ्या आईला, हिराबाईला, मात्र न मागता भांडी मिळतात. आयुष्यात तिने कमावलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, असं ती मानते. (दुसऱ्या क्रमांकावर मी आहे असा माझा समज होता.)

त्या सकाळी आई, हर्षाली आणि पाड्यातल्या बहुतेक बायका निशाला पोचवायला नवेद ड्रायव्हरच्या जीपने जव्हारला निघाल्या. अंगणात जेवणावळीनंतरच्या भांड्यांचा ढीग पडला होता. संध्याकाळी तीच भांडी पुंजाकाकांकडे जायची होती, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीची हळद होती. जीपमध्ये चढता चढता आई मला म्हणाली, “भांड्यांना हात लावू नको. आम्ही येतो नि बघतो.”

या वाक्यात मला पिढ्यान्‌पिढ्यांचं बायकांचं ओझं ऐकू आलं. (आईच्या म्हणण्याप्रमाणे त्या वाक्यात ‘भांड्यांना हात लावू नको’ एवढंच होतं.) थकूनभागून आलेल्या बायकांना अंगण लख्ख दिसलं पाहिजे, असं मी ठरवलं आणि माझ्या चुलतभावाला, लाडक्याला, उठवलं.

लाडक्या भिवंडीत एका गोदामात काम करतो आणि लग्नासाठी रजा घेऊन आला होता.

“भांडी? आपण?” तो डोळे चोळत म्हणाला. “दादा, तुझी तब्येत ठीक हाय ना?”

“समानता घरापासून सुरू होते, लाडक्या.”

“मंग तुझ्या घरापासून कर. माझं घर पलीकडं हाय.”

पण तो आला. माझ्यातला इंजिनिअर तोवर जागा झाला होता. राख आणि चिंच एका बाजूला, गरम पाण्याचं पिंप दुसऱ्या बाजूला, मधे घासणारे आम्ही, शेवटी वाळवणारं ऊन. गोदामात काम केलेल्या लाडक्यालाही ही व्यवस्था आवडली. बऱ्याच भांड्यांच्या कानाला रंगीबेरंगी चिंध्या बांधलेल्या होत्या. कुठे चुन्याचं बोट, कुठे गेरूचा ठिपका, कुठे नेलपॉलिश.

“बॉस, ये चिंधी का क्या करने का?” लाडक्याने विचारलं. कामात रंगला की तो गोदामातलं हिंदी बोलतो.

मी त्याला जंतूंबद्दल सांगितलं. कापडात ओलावा राहतो, ओलाव्यात जंतू वाढतात. आम्ही चिंध्या सोडल्या आणि चुलीत घातल्या. चुना, गेरू, नेलपॉलिश घासून काढलं. काजळी तर इतकी काढली की काही टोपांना आपला मूळ रंग पहिल्यांदाच दिसला असेल. मग आम्ही सगळं आकाराप्रमाणे लावलं. मोठ्यात मधलं, मधल्यात धाकटं. परातींची एक चळत, झाकणांची दुसरी. उन्हात अंगण असं चमकत होतं की मी फोटो काढून नेदरलँड्सच्या मित्रांना पाठवला. खाली लिहिलं, ‘एन्ट्रॉपीवर मात.’

दुपारी जीप आली. बायका उतरल्या आणि अंगणाच्या कडेला थांबल्या. मला वाटलं, भारावल्या.

“हे कुणी केलं?” आईने विचारलं.

“मी,” मी म्हणालो. (लाडक्या त्या क्षणी चिंचेच्या झाडामागे होता. गोदामातल्या माणसाला धोका आधी कळतो.)

“चिंध्या कुठं हायेत?”

“जाळल्या. जंतू असतात.”

धाकली काकू मटकन ओट्यावर बसली. “माझी हिरवी चिंधी,” ती म्हणाली. “ब्लाउजपीस फाडून बांधलेली.”

तेव्हा मला कळलं. हिरवी चिंधी धाकली काकूची, पिवळी फागीमावशीची, चुन्याची दोन बोटं कुणाची, नेलपॉलिश कुणाच्या सुनेचं. सकाळचा तो ढीग मला पसारा दिसत होता, पण त्यातलं प्रत्येक भांडं आपला पत्ता कानाला बांधून बसलं होतं. मी अंगण नीटनेटकं केलं आणि सगळे पत्ते चुलीत घातले. ज्या माणसाने एन्ट्रॉपीवर प्रबंध लिहिला, त्याने ती एका सकाळीत, चिंच आणि राख वापरून, शक्य तितकी वाढवून दाखवली होती. दिसायला कवायत, आणि कोण कुणाचं याचा पत्ता नाही.

“भांड्यांवर नावं आहेत की,” मी म्हणालो. “कोरलेली. ती तर पुसली जात नाहीत.”

“वाचा,” हर्षाली म्हणाली.

मी वाचली. टोप उचलला: ‘रोहिदासभाऊंकडून सप्रेम भेट’. परात उचलली: ‘रोहिदासभाऊंकडून सप्रेम भेट’. आमचे माजी सरपंच रोहिदासभाऊ प्रत्येक लग्नात भांडं देतात आणि त्यावर नाव घालून घेतात. ज्याला दिलं त्याचं नाव घालत नाहीत, स्वतःचं घालतात. तेवढ्यात ते स्वतःच काय गडबड आहे बघायला आले.

“बघा,” ते अंगणाकडे बघून समाधानाने म्हणाले, “मी नसतो तर या पाड्याने जेवण कशात रांधलं असतं?”

मी शेवटचा मार्ग म्हणून सरळ विचारलं. सगळ्यांत चमकणारा, जाड बुडाचा टोप वर धरला. “हा कुणाचा?”

“माझा,” धाकली काकू म्हणाली.

“माझा,” फागीमावशी म्हणाली.

मागून आणखी दोघी म्हणाल्या, आणि एक बाई तर लग्नाला भांडं न देताच म्हणाली. मग मी एक पोचे पडलेला, कान वाकडा झालेला टोप वर धरला. अंगणात शांतता पसरली. आमच्या पाड्यात असा टोप कधी नव्हताच, असं प्रत्येकीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

धाकली काकू आणि फागीमावशीची जुंपली. आई त्यात पडली नाही. ती ओट्याच्या पायरीवर बसून पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत होती. “पुंजाची पोर उद्या हळदीला बसायची,” एवढंच ती म्हणाली, “आणि भांडी माझ्या दारात अडकली.” मी नेदरलँड्सला निघालो तेव्हासुद्धा तिचा चेहरा इतका उतरला नव्हता.

चारचौघांत हर्षाली मला ‘अहो’ म्हणते. त्या दुपारच्या ‘अहो’ला धार होती.

“अहो, तुमच्या त्या एन्ट्रॉपीचा मोज्यांशिवाय काही उपयोग असेल, तर तो आज सांगा.”

“उपयोग फार आहेत,” मी म्हणालो, आणि या विषयावर मला कुणी कधी विचारत नसल्यामुळे मला राहवलं नाही. “इंजिनात डिझेल जाळलं की त्यातली किती उष्णता कामाला येईल आणि किती वाया जाईल, ते यावरून ठरतं.”

“नवेदच्या जीपमधे सगळीच वाया जाते,” फागीमावशी म्हणाली.

“मोबाइलमधून फोटो झटकन जातो, कारण जे आधीच कळलेलं आहे ते मोबाइल पुन्हा सांगत बसत नाही.”

“आमच्या ह्यांना बसवा त्या मोबाइलमधे,” मागून एक बाई म्हणाली.

“जंगलात झाडांच्या किती जाती आहेत आणि त्या किती सारख्या प्रमाणात आहेत, तेही शास्त्रज्ञ यानेच मोजतात. मशीनवरची बटणं कमी आणि सोपी करणारे डिझायनरसुद्धा हेच बघतात, की माणूस कुठे गोंधळतो.”

“मंग तुला का नाय बघितलं कुणी?” धाकली काकूने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला माझंच मघाचं वाक्य ऐकू आलं. मोबाइल. जे आधीच कळलेलं आहे ते पुन्हा विचारायचं नाही. ‘हा कुणाचा?’ हा प्रश्नच चुकीचा होता, कारण चांगल्या टोपाला उत्तर ठरलेलं, ‘माझा’, आणि पोचे पडलेल्याला उत्तर ठरलेलं, गप्प. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत असतं त्यातून काही कळत नाही. ज्याने ढिगाचे दोन सारखे भाग पडतील, तोच प्रश्न खरा. माझा अख्खा प्रबंध याच वाक्यावर उभा होता, आणि तो मी इंग्रजीत लिहिल्यामुळे बहुधा मलाच नीट कळला नव्हता.

मंडपावर निशा आणि जावईबापूंच्या फोटोंचा फ्लेक्स होता, खाली पाड्यातल्या सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो. मी तो उतरवून उलटा केला, चुलीतून कोळसा घेतला आणि बायकांना ओट्यावर अंगणाकडे पाठ करून बसवलं.

“आता कुणीही भांडं बघायचं नाही. फक्त आपापलं भांडं आठवायचं आणि मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं.”

पहिला प्रश्न साफ वाया गेला. “चुलीवर काळं होतं का?” सगळ्यांनी हात वर केले. हर्षालीने माझ्याकडे, ती मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघते, तसं बघितलं आणि म्हणाली, “मी विचारू का? माणसांशी मी बोलते. तुम्ही ढीग सांभाळा.”

तिने विचारलं, “चुलीवर ठेवलं की डुगडुगतं का?”

निम्म्या हातांनी वर जायचं ठरवलं, निम्मे खाली राहिले. मी आणि लाडक्याने प्रत्येक भांडं दगडावर ठेवून हलवलं. निम्मी डुगडुगली, निम्मी बसली. फ्लेक्सवर मी पहिली फांदी काढली, डुगडुगणारी एकीकडे, बसणारी दुसरीकडे. आयुष्यात पहिल्यांदाच माझा प्रबंध खडखड वाजत होता.

“दोन्ही कान सारखे आहेत का?” पुन्हा दोन भाग.

“झाकण स्वतःचं आहे, की दुसऱ्या भांड्याचं ठेवता?” पुन्हा दोन.

झाकणांची चळत आकाराप्रमाणे लावल्याचा इथे फायदा झाला. (माझ्या सकाळच्या कामातला एवढा एकच फायदा, म्हणून नोंदवून ठेवतो.) फांद्या वाढत गेल्या, ढीग लहान होत गेले. बायकांना आता चव लागली होती. पाठ करून बसलेल्या असल्यामुळे त्या मोकळेपणाने बोलत होत्या. मग हर्षालीने पोच्यांचा विषय काढला.

“कुठल्या भांड्याला पोचा आहे आणि तो कसा पडला?”

“पडला,” एक म्हणाली.

“कुठून?”

“हातातून.”

“किती लांब?”

तिने पदर सावरला. “आमच्या ह्याच्या पाठीपर्यंत,” ती म्हणाली, आणि ओटा हसून हसून हलायला लागला. त्यानंतर पोचे आपणहून बोलायला लागले. एक टोप बैलाने लाथाडला होता. एक हंडा विहिरीत पडून पाऊस संपेपर्यंत तिथेच राहिला होता. एका परातीवर जावई बसला होता. नवी भांडी मुकी असतात. पोचे पडलेल्या भांड्यांनी आपापली घरं शोधून दिली. शांततेत बसलेला तो वाकड्या कानाचा टोपसुद्धा सुटला. तो रोहिदासभाऊंच्याच घरचा निघाला.

“हे कसं झालं होतं भाऊ?” लाडक्याने विचारलं.

“निवडणूक हरलो त्या दिवशी,” रोहिदासभाऊ म्हणाले. “मी नाय. तिने.”

शेवटी वादात दोन टोप राहिले, आणि दोन्हीकडून मागणी एकालाच, जाड बुडाच्या, चमकणाऱ्या टोपाला. दोन दावेदार, धाकली काकू आणि फागीमावशी. दोघींची उत्तरं सारखी, झाकणाचं तेवढं वेगळं, पण त्या टोपाला एकही झाकण नीट बसत नव्हतं. मी कोळसा हातात घेऊन उभा राहिलो. हर्षालीला सुचलं.

“यात भात कुठल्या बाजूला लागतो?”

“एका कानाखाली करपतो,” फागीमावशी लगेच म्हणाली. “तिथं बूड पातळ हाय. फिरवून फिरवून ठेवावा लागतो.”

“माझ्यात भात लागतच नाय,” धाकली काकू ताठपणे म्हणाली.

या उत्तरावर अख्खा पाडा हसला, कारण धाकली काकूच्या घरी जेवलेलं नाही असं तिथे कुणीच नव्हतं. मी बुडाखालून हात फिरवला. एका कानाखाली बोटाला पातळ लागत होतं. फागीमावशीचा.

धाकली काकू रागावणार, असं वाटलं. पण तिच्या सांगण्याप्रमाणे तिच्या टोपाला झाकण नव्हतं, केव्हाच कुठल्याशा लग्नात हरवलं होतं. लाडक्याने चळतीतलं उरलेलं एक झाकण तिच्या वाट्याला आलेल्या दुसऱ्या टोपावर ठेवलं आणि ते असं ‘टक्क’ करून बसलं की काकू उठूनच उभी राहिली. ते झाकण इतकी वर्षं फागीमावशीकडे होतं. फागीमावशीला वाटायचं, आपलंच झाकण आखडलं आहे. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की धाकली काकूने झाकणाने तोंड झाकलं. निशाच्या लग्नाच्या आधीच्या गुंत्यातलीही आणखी दोन-चार भांडी त्या दुपारी आपल्या घरी गेली. त्यात एक जुनी परात होती. ‘भाड्याची परात’ घराने हरवली म्हणतात ती हीच, आणि ती हरवलेली नव्हतीच. बदलून दुसऱ्याच घरी जाऊन बसली होती. आई ती दाखवायला स्वतः डोक्यावर घेऊन त्या घरी गेली आणि जाताना सगळ्यांच्या देखत म्हणाली, “त्या घराला आता भांडं द्यायचं.” कुणी नाही म्हणालं नाही.

संध्याकाळी एकेक बाई आपलं भांडं आधी घरी नेऊन, त्यात तांब्याभर पाणी ओतून, बघून, ते डोक्यावर घेऊन पुंजाकाकांकडे निघाली. उतरत्या उन्हात भांड्यांची ती रांग बांधावरून चालली होती. मी अंगणात उभा राहून बघत होतो. विद्यापीठात माझा प्रबंध तीन प्राध्यापकांनी वाचला होता आणि त्यांतल्या एकाला झोप लागली होती. इथे तो अख्खा पाडा डोक्यावर घेऊन चालला होता.

अंगणात एकच टोप उरला. कुणाचाच नव्हता. माझे सगळे प्रश्न पुन्हा विचारून झाले. डुगडुगत नव्हता, कान सारखे, पोचा नाही. मी पेटून म्हणालो की शेवटचं भांडं घरी पोचेपर्यंत मी हरणार नाही. हर्षालीने तो उपडा केला आणि मोठ्याने वाचलं, “‘चि. हेमंत याचा परदेशगमनानिमित्त सत्कार, समस्त ग्रामस्थ.’”

“अगं बाई,” आई म्हणाली. “मी यात कोंबड्यांना पाणी ठेवते. एवढा घासलास की मलाच ओळखू आला नाय.”

मग तिने जुनी लुगडी फाडून चिंध्यांचा नवा गठ्ठा केला, उद्यासाठी. पुंजाकाकांकडून परतणाऱ्या बायका एकेक रंग घेऊन गेल्या. शेवटची निळी चिंधी उरली. आई माझ्याजवळ आली, माझ्या चेहऱ्याकडे बघून हसली, आणि ती चिंधी माझ्या शर्टाच्या काजात बांधून घट्ट गाठ मारली.

“हे कशाला?”

“उद्या तिथं गर्दी असणार.”

मी ती मानाची खूण समजून दुसऱ्या दिवशी हळदीला तशीच मिरवली. जेवणं आटोपली, अंगणात भांड्यांचा ढीग पडला, आणि मी अनुभवी माणूस म्हणून बाह्या सरसावून पुढे झालो. धाकली काकूने माझ्या काजातली चिंधी बोटात धरून बघितली आणि मोरीजवळच्या बायकांना हाक मारली.

“हा हिराबाईचा. घरी पोचवा ह्याला आधी.”